तोंड फिरवून

सायवनच्या त्या पाड्यावर जीवन जीपमधून उतरला आणि त्याने पहिली गोष्ट काय केली, तर ठकी फुईला कमरेतून वाकून नमस्कार घातला. हात जोडले नाहीत, पायांनाही शिवला नाही. दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि सरळ जमिनीकडे वाकला. ठकी फुई म्हणजे त्याच्या बापाची थोरली बहीण, साठी उलटलेली. ती बिचारी आपणही खाली वाकली आणि धुळीत शोधायला लागली. "काय पडलं रं तुझं? पैसं का?"

अंगणातली पोरं खिदळली. जीवनलाही हसू आलं. दोन हिवाळे कोरियात काढून आलेल्या माणसाला घरच्या अंगणात असं हसू यावं, याहून बरं काय? पण तेवढ्यात दारात त्याचा बाप लहान्या येऊन उभा राहिला आणि सगळ्यांची तोंडं मिटली. लहान्याने पोराकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"आलास," तो म्हणाला. मग कमरेला कोयता अडकवला, मडकं उचललं आणि विहिरीपलीकडच्या खजुरींकडे निघून गेला.

झालं! इतक्या दिवसांनी आलेल्या पोराशी बापाने एक शब्द बोलायचा, आणि तोही असा. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर पाड्याने त्याला चार शब्द सुनावले असते. लहान्याला कोण काय बोलणार? गेल्या थंडीत त्याची बायको रूपी वारली, तेव्हापासून तो झाडांशी बोलत असेल तेवढाच. जीवन आईच्या मातीला आला नव्हता. आता वर्ष भरलं, तिचं वर्षाचं करायचं होतं, म्हणून सुट्टी काढून आला होता.

पण नुसता त्यासाठी आला नव्हता. त्याला एकच गोष्ट बापाच्या तोंडून ऐकायची होती: आई कशी गेली? त्या दुपारी पाडा कामावर पांगला होता. ठकी फुईसुद्धा रानशेतला लेकीकडे गेलेली. रूपीजवळ होता तो एकटा लहान्या. तिला कावीळ झाली होती, पोटात पाणी झालं होतं, मोठ्या दवाखान्यात न्या म्हटलं तर तिनेच हट्ट धरला, मला घरी ने. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं ठाऊक होतं ते लहान्याला, आणि लहान्या मूग गिळून बसला होता. फोनवर जीवनने विचारलं की म्हणायचा, "गेली. आता काय सांगू?" आणि फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा. आई गेली ती कशी गेली, काही बोलली का, कुणाचं नाव घेतलं का, हे ज्याला कळलेलं नसतं त्याची आई रोज नव्याने मरते. जीवनची तशी मरत होती.

जीवन वेल्डर. तलासरीला आयटीआय केला, उंबरगावच्या जीआयडीसीत चार वर्षं काढली, आणि मग परीक्षा देऊन कोरियाच्या दक्षिणेला एका बेटावर, जहाजं बांधायच्या कारखान्यात लागला. वेल्डिंग कुठंही वेल्डिंगच. ते त्याला जड गेलं नाही. जड गेलं ते बाकी सगळं. संडासात जायच्या चपला वेगळ्या, त्या घालून बाहेर आलं की खोलीतली सगळी माणसं ओरडायची. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या इतक्या वेगवेगळ्या पिशव्या की केळ्याची साल हातात घेऊन तो उभाच. बसमध्ये माणसं अशी चिडीचूप, की त्याने एकदा आईला फोन लावला तर पुढच्या चार जणांनी मागे वळून पाहिलं. रूपी पलीकडून विचारत होती, "मोठ्यानं बोल ना, आवाज का बसला?" तिला काय सांगणार, इथे बोलायची चोरी आहे!

त्याच्या टोळीचा मुकादम एक म्हातारा होता. त्याला नावाने हाक मारायची नाही, 'बानजांगनिम' म्हणायचं, म्हणजे मुकादमसाहेबच. कपाळाला कायम आठी. पहिल्याच आठवड्यात जीवनने भाताच्या वाडग्यात चमचा उभा खोचला आणि हात पुसायला कागद घ्यायला वळला. मुकादमाचा हात आला, त्याने तो चमचा काढून टेबलावर आडवा ठेवला. एक शब्द नाही. जीवनला वाटलं, असेल काहीतरी खूळ.

मग एका संध्याकाळी सगळी टोळी जेवायला बसली. मुकादमाने त्याचा काचेचा छोटा पेला भरला. जीवनने एका हाताने उचलला, म्हाताऱ्याकडे बघून हसला आणि घोटात संपवला. टेबलावर सगळ्यांचे हात थांबले. शेजारच्या नेपाळी सोबत्याने त्याच्या मांडीला चिमटा काढला. मग बाहेर येऊन त्याने समजावलं: मोठ्यांनी दिलेला पेला दोन्ही हातांनी घ्यायचा. आणि पिताना त्यांच्याकडे तोंड ठेवायचं नाही, खांद्यासकट वळायचं, भिंतीकडे बघून प्यायचं. मोठ्या माणसासमोर तोंड वर करून पिणं म्हणजे त्याची बरोबरी करणं.

जीवनने कानाला खडा लावला. पुढच्या वेळी वळला, त्याच्या पुढच्या वेळीही वळला, आणि होता होता ते असं अंगवळणी पडलं की कॅन्टीनमध्ये मुकादम समोर असला तर तो पाणीसुद्धा वळून प्यायला लागला. म्हातारा एकदा त्याच्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हणाला. नेपाळ्याने सांगितलं, "म्हणतो, घरी बापाने चांगलं वळण लावलंय."

रूपी गेली त्या दिवशी जीवन एका जहाजाच्या पोटात काम करत होता. मोबाईल बाहेर कपाटात, कुलपात. आत न्यायची मनाई. संध्याकाळी बाहेर येऊन बघतो तर फोन येऊन गेलेले, आणि मागून चुलत भावाचा निरोप. परत फोन लावला तेव्हा लहान्या एवढंच म्हणाला, "नको येऊस. उद्या सकाळी माती देणार. येऊन काय करशील? काम कर." जीवनने ते खरं धरलं. ज्या देशात 'काही हरकत नाही' म्हटलं की हरकत आहे असं समजायचं असतं, तिथे राहून तो परक्यांच्या मनातलं ओळखायला शिकला. आणि स्वतःच्या बापाचं बोलणं मात्र त्याने जसंच्या तसं धरलं. याला काय म्हणावं? पुढे वर्षभर तो स्वतःला हेच विचारत राहिला.

त्या संध्याकाळी मुकादम त्याच्या खोलीवर आला. हातात भाताचा वाडगा, एक सुकवलेला मासा आणि बाटली. त्याने ते खिडकीपाशी मांडलं आणि स्वतःच्या हाताने भातात चमचा उभा खोचला. तेव्हा जीवनला कळलं, उभा चमचा कुणासाठी असतो. मग म्हाताऱ्याने त्याचा पेला भरला, आणि भरताना बाटली दोन्ही हातांनी धरली. मोठा माणूस लहानासाठी असं कधी करत नाही. जीवन भिंतीकडे वळला आणि पेला ओठाला लावून तिथेच रडला. कुणी त्याला हाक मारली नाही, कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. भिंतीकडे वळलेल्या माणसाला तिथे कुणी बोलवत नाही.

आता सायवनची गोष्ट. वर्षाच्या दिवशी अंगण शेणाने सारवलं, बारक्या भगताने तांदळाची रास मांडली, रूपीच्या आवडीची नागलीची भाकर आणि सुकट पानावर ठेवली. ऊन चांगलं वर आलं होतं. पुरुष एका अंगाला, बाया भिंतीच्या कडेला. भगताचं झालं की ताडी वाटायची. त्या पाड्याची रीत अशी, की घरचा कर्ता दोन थेंब जमिनीला देतो, गेलेल्यांसाठी, आणि मग पानाचा पहिला दोना ज्याच्या हातात देतो तो त्याचा सगळ्यात जवळचा. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या डोळ्यांत बघून प्यायचं आणि रिकामा दोना त्याच्याच हातात परत द्यायचा. मागे दोन सख्ख्या भावांचं जमिनीवरून बिनसलं, तर एकाने दोना घेऊन तोंड फिरवलं होतं. त्या दिवसापासून त्यांची पोरंही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

लहान्याने दोना भरला. सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर. तो भावाला देईल, भगताला देईल, असंच सगळ्यांना वाटत होतं. लहान्या चालत आला तो जीवनपुढे थांबला आणि त्याने हात पुढे केला.

जीवनला वाटलं, बापाने आपल्याला जवळ केलं! इतके दिवस गच्च आवळलेलं सगळं सैल झालं, आणि सैल झालं की माणूस विचार करत नाही, सवय करेल ते करतो. त्याने दोना दोन्ही हातांनी घेतला, मान खाली घातली, खांद्यासकट वळला आणि भिंतीकडे तोंड करून प्यायला.

वळून परत बघतो तर अंगणातली सगळी माणसं त्याच्याकडेच बघत होती. लहान्याचा हात रिकाम्या दोन्यासाठी पुढे होता, तो त्याने हळूच मागे घेतला. "बरं," तो म्हणाला, आणि अंगण ओलांडून खजुरींच्या दिशेने चालू लागला.

"बा!" जीवन मागे धावला. "बा, अरे तसं नाय! तिथं मोठ्या माणसापुढं असंच पितात. मान म्हणून तोंड फिरवतात."

लहान्या थांबला नाही. "मी तिथला नाय," एवढंच बोलला.

मग पाड्याला बोलायला कितीसा वेळ! आईच्या मातीला आला नाही आणि आईच्या वर्षाला बापाकडे पाठ केली. कोरियाचा पैसा चढला. जीवनने दोघातिघांना समजावून पाहिलं, वाकून दाखवलं, वळून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि त्याची पाठ वळल्यावर ते हसले. कोरियात इतके दिवस तो परका होता, पण तिथे निदान चुकलं तर चिमटा काढणारा नेपाळी होता. इथे तो जन्मला, वाढला, इथे कोण चिमटा काढणार? रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सुट्टी संपत आली होती आणि ज्यासाठी आलो ते आता या जन्मी कळत नाही, असं त्याला वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ठकी फुईने त्याला तलासरीच्या बाजारात नेलं. तिला सुकट घ्यायची होती. वरोरच्या कोळणी बाजाराच्या दिवशी तिथे येऊन बसतात. फुईने बोंबील हातात घेतले, वास घेतला, "हे काय, पावसाचे का?" म्हणून कोळणीशी भांडून घेतलं, मनाजोगती सुकट पिशवीत टाकली आणि जीवनला रसवंतीच्या बाकावर बसवलं.

"तू रडत होतास," ती म्हणाली.

जीवनने हातातला ग्लास बाकावर ठेवला.

"बाया भिंतीला बसलेल्या. तू भिंतीकडं वळलास म्हणजे आमच्याकडंच ना तोंड केलंस? सगळ्या दोन्याकडं बघत होत्या, मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. ताडी कमी नि पाणी जास्त प्यायलास तू."

जीवनने मग तिला सगळं सांगितलं. मुकादम, उभा चमचा, दोन हातांनी धरलेली बाटली. फुई उसाचा रस पीत ऐकत होती. "चांगला माणूस दिसतो तुझा मुकादम," ती शेवटी म्हणाली. "रडणाऱ्याला भिंत देतो. आमच्याकडं रडणाऱ्याला चार जण घेरतात, मग तो रडतच नाय." मग पदराने तोंड पुसलं. "तुझा बा नाय रडला अजून. तुला सांगते. वर्ष झालं, एक टिपूस नाय."

परत गेल्यावर ती भावापाशी काय बोलली, कुणी ऐकलं नाही. लहान्या मात्र त्या दिवशीही पोराशी बोलला नाही.

जायच्या सकाळी जीवन उठला तर दारात बाप उभा. "चल," म्हणाला. जीवन त्याच्यामागे गेला. विहीर ओलांडून दोघे खजुरींपाशी आले. लहान्या झाडावर चढला, मडकं उतरवून आणलं. थंडीतली सकाळची ताडी, गोड. त्याने पानाचा दोना केला, भरला, दोन थेंब जमिनीला दिले आणि पोरापुढे धरला.

आता जीवनच्या जिवाची कोण तारांबळ! मान आपोआप वळायला लागली, ती त्याने ओढून धरली. एका हाताने दोना घेतला. बापाच्या डोळ्यांत बघितलं आणि बघत बघत प्यायला. इतक्या जवळून त्याने ते डोळे कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. पिवळट झाले होते. रिकामा दोना त्याने परत दिला. लहान्याने मान हलवली.

मग लहान्याने स्वतःसाठी भरला. दोना दोन्ही हातांनी धरला, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा, सांडेल की काय अशा भीतीने. आणि सगळा वळून खजुरीच्या खोडाकडे तोंड करून बसला.

"असंच ना?" त्याने विचारलं.

"हां, बा. पण तू कशाला? तू मोठा."

"राहू दे." लहान्या प्यायला नाही. पाठमोराच बोलायला लागला. "तुला फोन लावला होता मी. वाजला, वाजला, बंद झाला."

"कपाटात होता, बा. कुलपात."

"ठाऊक हाय. तुला बोल नाय लावत. ती विचारत होती, जीवन कुठंय. मी तिला सांगितलं, फोन उचलला त्यानं. निघालाय." लहान्याने हातातल्या दोन्यात बघितलं. "खोटंच सांगितलं. मग ती विचारायला लागली, कुठवर आला? आता तुझा तो देश कुठं हाय, मला तरी ठाऊक हाय का? मी आपला तुला डहाणूपासून आणला. डहाणूला गाडीतून उतरला म्हटलं. मग कासा आला. तिथं जीप भरायची थांबलीय म्हटलं, तर बोलली, त्याला सांगा टपावर बसू नको. सांगतो म्हटलं."

जीवनने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"मग जीप निघाली. नाक्यावर उतरला म्हटलं, चालत येतोय. तेव्हा सडक पाड्यापातूर नव्हती ना, ओहोळातूनच यायचं. ओहोळात पाणी हाय का, तिनं विचारलं. नाय म्हटलं, सुका हाय. मग म्हटलं, विहिरीपाशी आला. बाया हायत विहिरीवर, त्या त्याला थांबवतात, विचारतात. तर हसली. बोलली, बोलू दे त्यांना. मग काय विचारलं नाय तिनं." लहान्याचे खांदे हलायला लागले. "विहिरीपातूर आणला मी तुला, पोरा. घरात आणायचा राहिला. हे कुणाला सांगू मी? मरणाऱ्या बाईला फसवलं म्हणतील."

जीवन उठून त्याच्याजवळ गेला नाही. त्याला हाक मारली नाही, खांद्यावर हातही ठेवला नाही. खोडाकडे तोंड करून बाप रडत होता, त्याला हवं तेवढं त्याने रडू दिलं आणि आपण मागे बसून राहिला. बऱ्याच वेळाने लहान्याने दोना संपवला, नाक शिंकरलं आणि उठला.

"चल, जीप येईल तुझी," तो म्हणाला.

विहिरीपाशी दोन-तीन बाया पाणी शेंदत होत्या. त्यांनी जीवनला विचारलं, निघालास का, परत कधी येशील. जीवन थांबला, एकेकीशी नीट बोलला. मग अंगणात आला, दाराबाहेर चपला काढल्या आणि आत गेला, आतल्या भिंतीशी जिथे आईचं अंथरूण असायचं तिथे. जमीन नुसती सारवलेली होती. तिच्यासमोर तो खाली बसला.

"आय," तो म्हणाला, "आलो."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. लहान्याने दारातूनच त्याला थांब म्हणून हात केला आणि आत बघून म्हणाला, "आला बघ, रूपी. घरात आला."